‘पन्नास प्लस’चा तंबू आणि वर्सोव्याचं ऊन

‘‘एवढ्याशा लेकराला समुद्रावर न्यायचंच कशाला?’’ हा प्रश्न मला नणंदेने विचारला, शेजारच्या काकूंनी विचारला आणि ज्या कंपनीने बाळाला उन्हापासून वाचवणारा तो तंबू आमच्या गळ्यात मारला तिच्या फोनवरच्या माणसानेही विचारला. नणंद आणि काकू काळजीपोटी बोलल्या, त्यांचं मी मनावर घेतलं नाही. पण तिसऱ्याने विचारलं तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या खोक्यावर लाटांच्या काठी बसलेल्या बाळाचा फोटो आहे, तो खोका विकणारा मला विचारतो की बाळाला बीचवर नेलंच कशाला! त्या दिवसापासून हे लिहायचं मनात होतं.

उत्तर द्यायचंच तर देते. आम्ही यारी रोडला राहतो. घरात खिडकी उघडली की समोरच्या इमारतीची खिडकी. मोकळी हवा म्हणून आमच्या वाट्याला जे काही आहे ते म्हणजे हा वर्सोव्याचा किनारा. लेक सात महिन्यांची, तिच्या उष्टावणासाठी माझे आईबाबा अकोल्याहून आले होते, त्यांनाही समुद्र दाखवायचा होता. आणि ‘असल्या घाणीत बाळाला नेलंत’ असं म्हणणाऱ्यांनी हा किनारा एकदा तरी नीट पाहावा. ऑक्टोबर २०१५ मध्ये अफरोज शाह यांनी इथला कचरा उचलायला सुरुवात केली, पुढे शेकडो हात लागले, २०१६ साली संयुक्त राष्ट्रांनी त्यांना ‘चॅम्पियन्स ऑफ द अर्थ’ हा सन्मान दिला. मार्च २०१८ मध्ये याच वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं पाण्याकडे गेली. पावसाळ्यात समुद्र पुन्हा प्लास्टिक आणून टाकतो, हे मला रोज दिसतं. पण कोळीवाड्यातली पोरं याच वाळूत रांगतात, तर माझ्या लेकीने तासभर इथे बसण्यात काहीच वावगं नव्हतं. वावगं होतं ते त्या कापडात.

मी काही फोटो बघून भुलले नव्हते. माझी नोकरी साकीनाक्याच्या एका गारमेंट कंपनीत, मर्चंडायझिंगमध्ये. परदेशी गिऱ्हाइकाला कापडाचा टेस्ट रिपोर्ट पाठवल्याशिवाय आमचा एक शर्ट बाहेर पडत नाही. त्यामुळे ऑर्डर करण्याआधी मी विक्रेत्याला चॅटवर सरळ विचारलं होतं, ‘यूपीएफचा रिपोर्ट आहे का?’ उत्तर आलं, ‘येस मॅम, फिफ्टी प्लस, टू थाउजंड एमएम कोटिंग.’ त्या संभाषणाचा स्क्रीनशॉट माझ्याकडे आजही आहे.

इथे जरा थांबून सांगते, कारण याच दोन आकड्यांची सरमिसळ करून माल खपवला जातो. यूपीएफ म्हणजे कापड अतिनील किरण किती अडवतं त्याचं माप. ५० म्हणजे पन्नासातला एकच भाग आत शिरतो, दोन टक्के. हे माप मूळचं ऑस्ट्रेलियातलं. त्यांचं ४३९९ क्रमांकाचं मानक १९९६ मध्ये आलं आणि आजही कपड्यांसाठी तेच दाखवलं जातं. ‘२००० एमएम’ ही पूर्ण वेगळी गोष्ट आहे. कापडावर पाण्याचा किती उंच स्तंभ उभा राहिला तरी ते झिरपत नाही, याचं ते माप. पावसात ट्रेकिंगला जाणाऱ्याला त्याचा उपयोग. उन्हाशी त्याचा काडीचा संबंध नाही. विक्रेत्याने मात्र दोन्ही एका दमात सांगितलं, जणू एकाने दुसरं सिद्ध होतं. मी तेव्हाच पुन्हा रिपोर्ट मागितला. ‘विल शेअर मॅम’ एवढंच आलं आणि तंबू त्याच्या आधी घरी पोचला.

फेब्रुवारीतला रविवार. साडेतीनच्या सुमाराला आम्ही वाळूवर उतरलो. आईने बाळाला कुंची घातली होती, दुधाची बाटली, दुपटी, सगळं जय्यत. तंबू पिशवीतून काढला की आपोआप उघडणारा, स्टीलच्या कड्यांचा. सोबतच्या पत्रकात चित्रासकट छापलं होतं की दार समुद्राकडे करा, म्हणजे बाळाला लाटा दिसतील. तसाच लावला. दिलेल्या खिळ्या ठोकल्या. खाली पांढरं दुपटं अंथरलं, त्यावर लेकीला ठेवलं आणि आई तिच्याजवळ दाराशी बसली.

थोड्या वेळाने बाबांनी मला हाक मारली. बाबांची सगळी नोकरी अकोल्याच्या उन्हात गेली. सावली कशाला म्हणायचं हे त्यांना मी शिकवायला नको. ते तंबूच्या बाहेर उभे होते आणि त्यांनी आपला पंजा कापडासमोर धरला होता. ‘‘आत बघ,’’ म्हणाले. मी वाकून पाहिलं. पांढऱ्या दुपट्यावर, माझ्या लेकीच्या पोटाशेजारी, त्यांची पाचही बोटं उमटली होती. नुसता काळोखा डाग नव्हे, बोटांच्या मधल्या फटी मोजता येत होत्या. छपरावर छापलेलं कंपनीचं नावही उलट्या अक्षरांत दुपट्यावर पडलं होतं. कापड ऊन अडवत असतं तर आत सगळीकडे सारखा अंधूकपणा हवा होता. इथे ऊन सरळ आत येत होतं आणि बाबांचा हात होता तेवढ्याच जागेत थांबत होतं. ‘‘पोरी, ही सावली नाही, हा उजेड आहे,’’ बाबा म्हणाले.

मी आत डोकं घातलं तर कुकरचं झाकण उघडावं तसा गरम दमट झोत तोंडावर आला. मागच्या बाजूला खिडकी होती. वेबसाइटवरच्या फोटोत ती जाळीची वाटते. मी बोट लावलं तेव्हा कळलं, ते पारदर्शक प्लास्टिक होतं, चारी बाजूंनी शिवलेलं. वारा समोरून आत शिरत होता आणि मागे जायला वाटच नव्हती. वर गरम हवा कोंडलेली, खाली बाळ. तिच्या मानेखालचं दुपटं ओलं झालं होतं, गाल लाल, कुंचीच्या आतले केस कपाळाला चिकटलेले. मघापर्यंत ती कुरकुरत होती आणि आता गप्प पडली होती. मला धसका बसला तो त्या गप्प पडण्याचा. मी तिला उचललं, कुंची काढली, पदराने वारा घातला.

तिला घेऊन मी उभी राहते ना राहते तोच खाऱ्या वाऱ्याचा एक झोत आला. तंबूचं तोंड समुद्राकडे, मागची भिंत बंद. सगळा वारा आत भरला आणि वीतभर लांबीच्या त्या खिळ्या कोरड्या वाळूतून सुटून आल्या. तंबू कोलांट्या घेत एका आजोबांच्या पायाशी जाऊन अडकला. त्यांना लागलं नाही. पण मी एक मिनिट उशिरा वाकले असते तर आत माझी लेक असती. हे वाक्य लिहितानाही माझा हात थांबतो.

तिला सुदैवाने फार काही झालं नाही. डॉक्टरबाईंनी तपासलं, अंगावर घामोळं आणि गालांवर लाली होती, सारखं पाजत राहा म्हणाल्या आणि रात्रीपर्यंत ती खेळायला लागली. त्यांनी एक सांगितलं ते मात्र सगळ्यांनी ऐकावं. बाळाच्या वजनाच्या मानाने त्याच्या कातडीचं क्षेत्र मोठं असतं आणि घाम येऊन अंग थंड करण्याची यंत्रणा अजून कच्ची असते, म्हणून आपल्याला नुसतं उबदार वाटतं तिथे बाळ तापतं. स्वीडनमधल्या ‘स्वेन्स्का दागब्लादेत’ या वृत्तपत्राने २०१४ साली बाबागाडीवर पातळ कापड टाकून तापमान मोजलं होतं. कापड नसताना २२ अंश, कापड टाकल्यावर अर्ध्या तासात ३४ आणि तासाभरात ३७. ते स्वीडन. आपण वर्सोव्यात.

आता त्या फोनबद्दल. कंपनीचं नाव इथे लिहीत नाही, कारण तक्रार चालू आहे. पण वागणूक कशी होती ती सांगणारच. पहिल्या दिवशी गोड आवाज, ‘‘वी आर सॉरी मॅम, बेबी ठीक आहे ना?’’ दुसऱ्या दिवशी आवाज बदलला. पेग्ज नीट ठोकले होते का? बाळाला किती वेळ आत ठेवलं? अनबॉक्सिंगचा व्हिडिओ आहे का? पॅकेट उघडलंय म्हणजे रिटर्न नाही. मी म्हटलं, ‘‘पॅकेट न उघडता तंबू लावायचा कसा?’’ तर म्हणे, तो कंपनीच्या पॉलिसीचा प्रश्न आहे. मग तो प्रश्न आला, बाळाला बीचवर नेलंच कशाला. मी रिपोर्टचा हट्ट सोडला नाही, तेव्हा शेवटी एक फाइल आली. त्यातलं कापड ‘निटेड’, म्हणजे विणीचं, टी-शर्टला लागतं तसलं, सुती आणि स्पॅन्डेक्सचं. आमचा तंबू मागावर विणलेल्या पॉलिएस्टरचा. रिपोर्टवर नाव तिसऱ्याच कंपनीचं. दुसऱ्याच कापडाचा कागद माझ्यासमोर टाकला होता आणि मला तो कळणार नाही अशी त्यांची खात्री होती. माझ्या जागी दुसरी कुणी आई असती तर तो ठसा आणि इंग्रजी मजकूर पाहून गप्प बसली असती. मला राग येतो तो याचाच.

बाजारात जाणाऱ्यांसाठी आता कामाचं.

रिपोर्ट मागा, आणि आला की तीन गोष्टी जुळवून बघा: कापडाचं वर्णन, कंपनीचं नाव, मानकाचा क्रमांक. ‘यूपीएफ ५०+’ हे खोक्यावरच्या स्टिकरवर असून उपयोग नाही, आत शिवलेल्या लेबलवर आहे का ते पाहा. आमच्या तंबूच्या लेबलवर फक्त ‘१०० टक्के पॉलिएस्टर’ आणि धुण्याची खूण होती. दुकानात घेत असाल तर मोबाइलचा टॉर्च कापडाच्या मागे धरा. टाचणीच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसले की ते कापड खाली ठेवा. डोळ्यांना दिसणारा उजेड आणि अतिनील किरण एकच नव्हेत, त्यामुळे टॉर्चला पास झालेलं कापड चांगलंच असेल असं नाही. पण ज्याला भोकं आहेत ते दोन्ही आत सोडणार हे नक्की. घरी करायची याहून चांगली परीक्षा म्हणजे अतिनील किरणांनी रंग बदलणारे प्लास्टिकचे मणी. मुलांच्या विज्ञानाच्या खेळण्यांत मिळतात, स्वस्त असतात. काही तंबूत ठेवायचे, काही बाहेर. आतले बाहेरच्यांइतकेच रंगले तर तंबू परत करा. मी हे गच्चीवर करून पाहिलं. त्या तंबूतले मणी बघता बघता जांभळे झाले, त्याचा व्हिडिओही तक्रारीला जोडला आहे. आतून चंदेरी थर असलेलं कापड साधारण बरं असतं, पण घडीच्या रेषांवर तो थर सोलला की तिथून ऊन येतं. छपराशी शिवणीत ताण पडून वीण विरळ होते, तिथेही पाहा.

पण कापडाइतकाच, माझ्या मते त्याहून जास्त, वारा महत्त्वाचा. विकणारे ऊन अडवण्याबद्दल बोलतात, वाऱ्याबद्दल कुणी बोलत नाही. समोरासमोर दोन मोकळ्या बाजू हव्यात, आणि जाळी म्हणजे खरोखरच जाळी. बोट लावून बघा, फुंकर मारून बघा, फोटोवर जाऊ नका. दुसऱ्या बाजूची झडप गुंडाळून वर बांधता यायला हवी. छपराच्या टोकाशी झरोका असेल तर उत्तम. दाराची चेन पूर्ण लावता येते, आत कपडे बदलता येतात, हे गुण म्हणून सांगतात. बाळ आत असताना ती चेन कधीच लावायची नाही. छोट्या बाळांसाठी म्हणून जे इवलेसे, बुटके तंबू येतात, खालच्या खळग्यात पाणी भरायची सोय असलेले, ते दिसायला गोड. पण छप्पर बाळाच्या डोक्यापासून हातभर अंतरावर, म्हणजे तापलेलं कापड अगदी तोंडावर. मोठ्या माणसाला वाकून बसता येईल एवढा तंबू घ्या. तुम्ही आत बसलात की आतलं ऊन आणि उष्मा आपसूक कळतो.

त्या दिवशी तंबू गुंडाळून आम्ही कोळीवाड्याच्या बाजूने परत निघालो. जाळी विणायला बसलेल्या एका मावशींनी हाक मारली, ‘‘ये गो बाय, सावलीला बस.’’ चार बांबू, वर जाड ताडपत्री, भिंत एकही नाही. ताडपत्री इतकी जाड की खाली माझ्या हाताची सावली कुठे पडते तेही कळेना. आणि समुद्रावरून येणारा वारा एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने निघून जात होता. लेक तिथे दूध प्यायली आणि झोपली. जाड छप्पर आणि उघड्या बाजू: बाळाच्या तंबूकडून मला एवढंच हवं होतं, आणि ते नसताना मी त्याचे पैसे मोजले होते.

वर्सोव्याबद्दल थोडं वेगळं सांगायला हवं, कारण ही पत्रकं कुठल्यातरी दुसऱ्याच किनाऱ्यासाठी लिहिलेली असतात. आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळी सूर्य इमारतींच्या मागे असतो आणि त्यांची लांब सावली वाळूवर पडते. वारा त्या वेळी बहुधा जमिनीकडून असतो, मतलई, मंद. बाळासाठी खरी वेळ हीच, आणि तंबूची गरजही कमी. दुपार झाली की सगळं उलटतं. खारा वारा पश्चिमेकडून सुरू होतो आणि ऊनही त्याच बाजूने खाली येत जातं. दार समुद्राकडे केलंत की ऊन आणि वारा दोन्ही थेट आत. म्हणून तिसऱ्या प्रहरी पाठ समुद्राकडे, जराशी नैऋत्येला करा, पण पाठीला खालच्या बाजूला जाळीची खिडकी असेल तरच. नाहीतर पुन्हा तीच कोंडी. लाटा काय, बाळ कडेवर बसूनही बघतं.

घड्याळावरही विसंबू नका. ‘चार वाजले, आता ऊन उतरलं’ असं आपण म्हणतो. भारताची घड्याळं पूर्वेकडच्या ८२.५ अंश रेखावृत्तावर लावलेली आहेत आणि मुंबई ७३ अंशांच्या आसपास. त्यामुळे मुंबईत सूर्य माथ्यावर येतो तो वर्षातला बराच काळ साडेबारानंतर, फेब्रुवारीत तर पावणेएकही उलटून जातो. म्हणजे फेब्रुवारीतले घड्याळाचे चार हे सूर्याच्या हिशेबाने तीन वाजून थोडी मिनिटं. मे महिन्यात, पंधरा-सोळा तारखेच्या सुमाराला, मुंबईत सूर्य अगदी डोक्यावरून जातो, शून्य सावलीचा दिवस म्हणून शाळांतून दाखवतात तो. त्या दिवसांत बाळाला पाच वाजेपर्यंत घराबाहेर काढूच नये, तंबू कितीही भारी असो. शिवाय सूर्य तासाला पंधरा अंश सरकतो. मघाशी सावलीत असलेले पाय अर्ध्या-पाऊण तासाने उन्हात येतात. तंबू फिरवता यायला हवा, किंवा बाळाची जागा बदलत राहायला हवी.

नुसती मोठी छत्री चालेल का, असं मला पुष्कळांनी विचारलं. टेक्सासमधल्या एका तळ्याकाठी केलेला अभ्यास ‘जामा डर्मेटॉलॉजी’त २०१७ मध्ये छापून आला. साडेतीन तासांत छत्रीखाली बसलेल्यांपैकी ७८ टक्के लोकांची कातडी भाजली, सनस्क्रीन लावलेल्यांपैकी २५ टक्क्यांची. अभ्यास करणाऱ्यांत सनस्क्रीन बनवणाऱ्या कंपनीचेही लोक होते हे ध्यानात ठेवावं, पण मुद्दा खोटा ठरत नाही: किरण फक्त वरून येत नाहीत. आकाशातून विखरून येतात, वाळूवरून उलटून येतात, कोरडी वाळू साधारण १५ टक्के आणि लाटेचा फेस २५ टक्क्यांपर्यंत परत फेकतो. छत्री वरचं झाकते, बाजू उघड्याच राहतात. बाजू बंद कराव्यात तर वारा अडतो. या ओढाताणीत मी वाऱ्याच्या बाजूने उभी आहे: एक किंवा दोन बाजू झाका, बाकी जाळी, आणि बाळाला पूर्ण बाह्यांचं पातळ सुती झबलं, रुंद कडेची टोपी. कुंचीने कान-गळा बंद होतो, थंडीत ती योग्य, उन्हात नको. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला डॉक्टर मंडळी सनस्क्रीनऐवजी सावली आणि कपडेच सांगतात. पुढे लावायचं तर तुमच्या डॉक्टरांना विचारून.

बांधणीबद्दल एकच: सोबत येणाऱ्या खिळ्या घरी ठेवून जा. वाळूत धरतात त्या वाळूच्या थैल्या. कडेला शिवलेले चार खिसे असलेला तंबू घ्या. दोन लिटरच्या बाटलीएवढी वाळू म्हणजे तीन किलोंच्या आसपास वजन, तेवढी प्रत्येक खिशात भरा आणि तंबूत कुणी बसण्याआधी भरा. खिसे लहान असतील तर बाजारहाटाच्या कापडी पिशव्या भरून दोऱ्यांना बांधा, आणि दोऱ्या समुद्राच्या बाजूला जास्त ताणा. वाळू खणताना हातमोजा असू द्या. वर्सोव्याच्या वाळूत वीतभर खाली जुनं प्लास्टिक, जाळ्यांचे तुकडे, कधी काच लागते. आपोआप उघडणाऱ्या तंबूची कडी पिशवीतून सुटताना जोरात उसळते, बाळ कुणाच्यातरी कडेवर दूर हवं. घडी घालायची आठाच्या आकारात पिळून. ती घरी शिकून जा, वाऱ्यात शिकता येत नाही.

भरती-ओहोटीची वेळ बघून जा, ती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. भरतीला काही ठिकाणी वाळूचा पट्टा अगदी अरुंद होतो आणि ओली वाळू टाळता टाळता तंबू गर्दीत लावावा लागतो. घडी केलेला तंबू रिक्षात सीटच्या मागे मावतो का हे घेण्याआधी मोजा. वर्सोवा मेट्रो स्टेशनपासून वाळू काही चालत बाळ-सामानासह गाठण्याजोगी जवळ नाही. आल्यावर गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा, नाहीतर खाऱ्याने कडी गंजते आणि पावसाळ्यात कपाटात बुरशी धरते. बाकी नेहमीचंच. बाळाला एकटं सोडू नका, वरचेवर पाजा, मानेला हात लावून बघत राहा.

आणि पैशांचं. ‘उघडलेला माल परत घेत नाही’ हे उत्तर ऐकून परत फिरू नका. ऑनलाइन विक्रीसाठी २०२० साली आलेल्या ग्राहक संरक्षण नियमांनुसार, माल सदोष असेल किंवा जाहिरातीत सांगितलेले गुण त्यात नसतील तर विक्रेत्याला परत घ्यायला नकार देता येत नाही. ऑनलाइन विक्रीच्या संकेतस्थळांना तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. त्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल द्यायचा असतो. मी आधी तिथे लेखी तक्रार केली, मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, आणि मग जिल्हा ग्राहक आयोगाकडे. उपनगरासाठी तो वांद्रे पूर्वेला प्रशासकीय इमारतीत आहे, अर्ज ऑनलाइनही करता येतो. पाच लाखांपर्यंतच्या मालासाठी शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची. कुणाला लिहायचं जमत नसेल तर मुंबई ग्राहक पंचायतीकडे जा, १९७५ पासून ते ग्राहकांसाठी काम करत आहेत. परदेशी मालाच्या वेष्टनावर आयातदाराचं नाव-पत्ता आणि उत्पादनाचा देश छापणं बंधनकारक आहे. आमच्या खोक्यावर त्या जागी नुसता क्यूआर कोड होता, तोही तक्रारीत लिहिला.

फोनवर बोललात तर नंतर त्याच गोष्टी ईमेलवर लिहून पाठवा, ‘आज आपल्या प्रतिनिधीने असं सांगितलं’ म्हणून. कंपनीने आता अर्धे पैसे परत देतो, तक्रार मागे घ्या असं कळवलं आहे. मी नाही म्हटलं आहे. मला पैसे पूर्ण हवेत, आणि त्या पानावरून ‘पन्नास प्लस’ हे शब्द काढलेले हवेत, कारण तो तंबू आजही त्याच फोटोसह विकायला आहे.